चौकी ते ओपीडी: वस्तीत नशेविरुद्धचं काम नव्यानं हाती घेणाऱ्यांसाठी

कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून एक मोकळा प्लॉट आहे. सात वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा मांडव घालायचा म्हणून महिला मंडळाच्या आम्ही पाचजणी तो झाडायला गेलो. झाडूबरोबर जे निघालं ते अजून डोळ्यांसमोर आहे. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, मधोमध काळी पडलेली. मेणबत्तीचं बोटभर थोटूक. नळीसारखी गुंडाळलेली दहाची नोट. पंक्चर काढायच्या सोल्यूशनच्या पिळून चपट्या झालेल्या ट्यूबा आणि त्यांच्याभोवती दुधाच्या रिकाम्या पिशव्या, आतून चिकट. एका पिशवीखाली शाळेचं ओळखपत्र होतं. आमच्याच विंगमधल्या, आठवीतल्या मुलाचं.

ते ओळखपत्र घेऊन आम्ही थेट पोलीस चौकीत गेलो. चांगलं काम करतोय असंच वाटत होतं. मुलाला बोलावलं गेलं, दोन तास बाकड्यावर बसवलं गेलं, वडिलांना निरोप गेला. ते माथाडी कामगार, रात्रभर मार्केटला गोण्या वाहून नुकतेच आडवे झालेले. त्यांनी चौकीच्या दारातच पोराला मारलं. आठवडाभरात शाळेतून दाखला काढला आणि मुलाला पाटणला मामाकडे धाडलं. त्याची आई पुढे दीड वर्ष माझ्याशी बोलली नाही. प्लॉटवर ट्यूबा मात्र पडतच राहिल्या, कारण मुलांना त्या देणारा कोण, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.

तुमच्या सोसायटीत, चाळीत किंवा गावठाणात कुणी तुम्हाला "ताई, दादा, काहीतरी करा" म्हणून पुढे केलं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. विकणाऱ्याची खबर पोलिसांकडे जाते आणि नशा करणाऱ्याला दवाखान्यात न्यायचं असतं. आपलं काम दोन्ही दारांशी ओळख ठेवण्याचं आहे. विकणाऱ्यासाठीचं दार आजारी पोरासमोर उघडायचं नाही.

आधी आपली हद्द समजून घ्या

नवी मुंबईत नव्यानं आलेला माणूस इथेच अडखळतो. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत महापालिका नवी मुंबईची आणि जिल्हा ठाणे. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा पट्टा २०१६ साली झालेल्या पनवेल महापालिकेत, जिल्हा रायगड. पोलीस आयुक्तालय मात्र दोन्हीकडे नवी मुंबईचंच. म्हणजे खारघरच्या माणसानं तक्रार द्यायची नवी मुंबई पोलिसांकडे, आरोग्याचं विचारायचं पनवेल महापालिकेत, आणि त्याचे जिल्हा शल्यचिकित्सक बसतात अलिबागला. ठाण्याकडे आणखी निराळं. एकाच ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर अशा कितीतरी पालिका येतात आणि प्रत्येकीचा आरोग्य विभाग वेगळा. दिघा ओलांडून विटाव्यात पाय ठेवला की आयुक्तालय बदलतं, आणि माल विकणाऱ्याला हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

स्टेशनचंही तसंच. प्लॅटफॉर्मवर घडलं तर लोहमार्ग पोलीस, बाहेर रिक्षा स्टँडवर घडलं तर स्थानिक पोलीस ठाणं. अंधाऱ्या प्लॉटसाठी आधी तो प्लॉट सिडकोचा की पालिकेचा हे शोधावं लागतं. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध देत असेल तर अन्न व औषध प्रशासन, हातभट्टीची दारू असेल तर पोलिसांबरोबर राज्य उत्पादन शुल्क. एका कागदावर हे लिहून काढायला एक संध्याकाळ लागते. ती घालवा, पुढचे सहा महिने हेलपाटे वाचतील.

दोन वह्या ठेवा

ही युक्ती आम्हाला कुणी शिकवली नाही, ठेच लागून आली. एका वहीत फक्त जागा, वेळ आणि पद्धत लिहायची. "शाळेमागची गल्ली, सायंकाळी सात ते साडेआठ, नंबरप्लेट वाकवलेली काळी स्कूटर, मुलं पैसे देऊन लगेच निघतात, माल पाण्याच्या मीटरच्या पेटीतून उचलतात." या वहीत नशा करणाऱ्या एकाही मुलाचं नाव येता कामा नये. ही वही पोलिसांसाठी.

दुसरी वही घरांची. कोणत्या घरात कोण अडचणीत आहे, कुणाच्या आईशी बोलणं झालं, पुढची ओपीडी कधी. ही वही कुणालाच दाखवायची नाही. सोसायटीच्या चेअरमनला नाही, नगरसेवकाला नाही, पोलिसांनाही नाही. आमच्याकडे ती एकाच बाईच्या घरी असते आणि नावांऐवजी मजल्याचे आकडे असतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यातलं काहीही टाकायचं नाही. एका मुलाचा झिंगलेला व्हिडिओ आमच्या ग्रुपवर फिरला होता. पुढे दोन वर्षं त्याला कुठे नोकरी मिळाली नाही, आणि ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांतल्या एकीच्या घरात पुढच्याच वर्षी हाच प्रश्न आला. तेव्हा तिला बोलायला माणूस उरलं नव्हतं.

शब्दांचं भान याच वेळी धरा. बातम्यांत "गर्दुल्ला" छापतात, नाक्यावर "चरसी" म्हणतात. तुम्ही त्याचं नाव घ्या. ज्या आईनं तुमच्या तोंडून "गर्दुल्ले" ऐकलंय ती तुमच्याकडे कधी येणार नाही.

पोलिसांकडे जाताना

पहिल्या भेटीत तक्रार नेऊ नका, ओळख न्या. सोसायटीच्या किंवा मंडळाच्या लेटरहेडवर वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे नुसत्या गप्पा. बीट अंमलदार, म्हणजे आपल्या भागाची जबाबदारी असलेला पोलीस, कोण, गोपनीय शाखेचं काम कोण बघतं, महिला अधिकारी कोण, हे विचारून घ्या. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, तेव्हा नवीन साहेब आले की पुन्हा जाऊन भेटायचं, तीच पोच दाखवायची. नवी मुंबई पोलिसांनी जानेवारी २०२५ मध्ये "नशामुक्त नवी मुंबई" अभियान सुरू केलं, त्यामुळे हा विषय घेऊन दारात उभं राहायला आता संकोच वाटायचं कारण नाही. नवी मुंबई आणि ठाणे या दोन्ही आयुक्तालयांत अमली पदार्थ विरोधी पथकं आहेत. स्थानिक ठाण्याकडून हालचाल होत नसेल तर माहिती तिकडे देता येते. नाव न सांगता द्यायची तर अमली पदार्थ नियंत्रण विभागाची १९३३ ही "मानस" हेल्पलाइन जुलै २०२४ पासून आहे. अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६८ नुसार खबर कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. घाबरणाऱ्या शेजाऱ्याला हे जरूर सांगा.

कायदा थोडा समजून घेतला की पोलिसांच्या वागण्याचा अर्थ लागतो. १९८५ च्या या कायद्यात सगळं वजनावर चालतं. गांजा १ किलोपर्यंत "अल्प" आणि २० किलोच्या वर "व्यापारी" प्रमाण. आपल्याकडच्या मुलांत ज्याला "एमडी" म्हणतात ते मेफेड्रोन २०१५ साली या कायद्याखाली आलं. त्याचं अल्प प्रमाण २ ग्रॅम, व्यापारी ५० ग्रॅम. व्यापारी प्रमाणाला किमान १० वर्षं आणि २० वर्षांपर्यंत शिक्षा, जामीन फार कठीण. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत. म्हणून दोन पुड्या घेऊन उभ्या असलेल्या पोराला लगेच न उचलता पोलीस कधी कधी तीन-चार आठवडे नुसती नजर ठेवतात. त्यांना त्याच्यामागचा माणूस हवा असतो. तुम्हाला वाटतं काहीच होत नाही. धीर धरा, आणि वहीत नोंदी करत राहा.

काही गोष्टी मात्र कधीच करायच्या नाहीत. खात्री करायला म्हणून माल विकत घ्यायचा नाही. सापडलेली पुडी उचलून चौकीत न्यायची नाही, ती तुमच्या हातात सापडली तर ताबा तुमचा ठरतो. जागेवर राहा, ११२ ला फोन करा. विकणाऱ्याचा समोरून व्हिडिओ काढायचा नाही. आणि मंडळाची पोरं काठ्या घेऊन "धाड" घालायला निघाली तर त्यांना घरी पाठवायचं. मी अशी एक रात्र बघितली आहे. डोकं फुटलं ते ओढणाऱ्या एका मुलाचं, विकणारा भिंतीवरून निघून गेला.

पंच म्हणून उभं राहायला सांगतील तेव्हा काय होतं, हेही लोकांना माहीत नसतं. झडती तुमच्यासमोर होते. झडती घेण्याआधी, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती देण्याचा हक्क आहे, हे त्या माणसाला सांगावं लागतं. माल मोजून सील होतो, पंचनाम्यावर तुमची सही होते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणंही आवश्यक आहे. जे प्रत्यक्ष बघितलं नाही त्यावर सही करू नका. कोर्टाचं बोलावणं काही वर्षांनी येईल, तेव्हा तुम्हाला तेच सांगावं लागेल. आमच्या इमारतीतले एक निवृत्त शिक्षक पंच झाले होते. त्यांनी त्याच रात्री घरी येऊन वेळ, जागा, कोण कुठे उभं होतं हे सगळं डायरीत लिहून ठेवलं. साक्षीच्या वेळी तीच डायरी आदल्या दिवशी वाचून गेले.

फ्लॅट भाड्यानं देणाऱ्यांनी भाडेकरूची पोलीस नोंदणी टाळू नये. आपली जागा अशा कामासाठी जाणूनबुजून वापरू देणं हासुद्धा याच कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा आहे.

दवाखान्याची वाट

हे सगळ्यात लांबचं आणि सगळ्यात महत्त्वाचं पाऊल आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या विळख्यात सापडलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकानं कोणतातरी उपचार घेतल्याचं आढळलं. उरलेल्या ३७ जणांच्या घरी काय चालतं ते मला वेगळं सांगायला नको. उपवास, नवस, शपथ, गळ्यात माळ, खोलीला बाहेरून कडी.

यातली बाहेरून लावलेली कडी जीव घेऊ शकते. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली तर साधारण सहा ते चोवीस तासांत हातपाय कापायला लागतात, दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. घाम, थरथर, नसलेल्या गोष्टी दिसणं, असं काही दिसलं की १०८. झोपेच्या गोळ्या एकदम तोडण्यातही असाच धोका आहे. गर्द (ब्राउन शुगर) सोडताना माणूस तळमळतो, उलट्या-जुलाब होतात, अंग मोडून येतं. ते बघवत नाही, पण त्यावर औषधं आहेत. एमडीवाल्याचं दिसणं निराळं असतं. तीन-तीन रात्री जागा, दात खातो, जेवत नाही, पंख्याच्या आवाजातही कुणीतरी बोलतंय असं त्याला वाटतं, आणि आईवरही संशय घेतो.

पहिल्यांदा जायचं ते सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात. नवी मुंबईकरांना वाशी, नेरुळ, ऐरोलीची महापालिका रुग्णालयं आहेत. ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि १९०१ पासून चालू असलेलं प्रादेशिक मनोरुग्णालय. मनोरुग्णालय म्हटलं की घरचे दचकतात. त्यांना सांगा, व्यसनाचा उपचार हा मानसोपचाराचाच भाग आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही तो तसाच धरला आहे. केसपेपरच्या खिडकीवर "मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी, किती वाजता, डॉक्टर कोण" एवढं आदल्या दिवशी जाऊन विचारून या. पोराला घेऊन गेलात आणि "आज डॉक्टर नाहीत, उद्या या" ऐकलंत, तर तो उद्या येत नाही. मी अशी दोन मुलं गमावली आहेत.

एका मंगळवारी मी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींबरोबर त्यांच्या मुलाला घेऊन रांगेत उभी होते. वय चोवीस, एमडी. तो दर पाच मिनिटांनी "मी पाणी पिऊन येतो" म्हणत होता आणि वहिनी त्याच्या शर्टाची मागची किनार चिमटीत धरून उभ्या होत्या, लहानपणी बाजारात धरायच्या तशी. आमचा नंबर आला. डॉक्टरांनी त्याला "काय घेतोस?" असं आधी विचारलंच नाही. "शेवटचं नीट कधी झोपलास?" असं विचारलं. तो रडायला लागला. पुढचा अर्धा तास तोच बोलत होता. त्या दिवसापासून घरच्यांशी बोलताना मीही झोपेपासून आणि जेवणापासून सुरुवात करते.

पोलीस आणि दवाखाना यांना जोडणारं कलम लक्षात ठेवा: एनडीपीएसचं ६४अ. नशेच्या आहारी गेलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचाराला आला, तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवला जाऊ नये, असं संरक्षण त्यात आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतलं जाऊ शकतं. माल विकला असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका. म्हणून केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, भरतीचे कागद सगळं एका फाइलमध्ये तारखेनं लावून ठेवायला सांगा. आमच्याकडे एका मुलाला नाकाबंदीत अडवलं तेव्हा त्याची बहीण ती फाइल घेऊन धावली होती.

इथे एक अवघड जागा आहे, ती लपवून उपयोग नाही. कित्येक मुलं स्वतःच्या खर्चासाठी दोन-चार पुड्या पुढे विकायला लागतात. तेव्हा आजारी कोण आणि विकणारा कोण, हे एकाच चेहऱ्यात मिसळतं. अशा वेळी आम्ही जागेची माहिती पहिल्या वहीप्रमाणे पोलिसांना देतो आणि त्याच आठवड्यात घरच्यांना सांगतो की आज दवाखाना आणि वकील दोन्ही गाठा, उशीर झाला तर आमच्या हातात काही राहणार नाही. यावरून आमच्या मंडळात भांडणं झाली आहेत. माझं मत आजही तेच आहे.

गर्द टोचून घेणाऱ्यांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली गर्दची तलफ शमवणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी समोर घ्यायला लावून देणारी केंद्रं आहेत. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी या दोन्हींच्या चाचण्या त्यांनी करून घ्यायला हव्यात, सरकारी दवाखान्यात त्या मोफत होतात. सुया सापडल्या तर हातानं उचलू नका, चिमट्यानं जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून बाटली दवाखान्यात द्या.

कुणी बेशुद्ध पडलेला दिसला, श्वास संथ, ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तर गर्दचा मारा जास्त झालाय असं समजा. १०८ लावा, कुशीवर झोपवा, तोंडावर पाणी मारत बसू नका. काय घेतलंय ते अ‍ॅम्ब्युलन्सच्या डॉक्टरांना खरं सांगा. पोलीस येतील या भीतीनं मित्र पळून जातात आणि मुलगा जिन्यात मरतो.

आणि एखादा माणूस नशेत भ्रमिष्ट होऊन रस्त्यावर सैरभैर झाला असेल तर ११२ ला फोन करताना शब्द नीट वापरा: "आजारी माणूस आहे, दवाखान्यात न्यायचं आहे." मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० नुसार अशा माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. आपल्या बीट अंमलदाराला हे कलम माहीत आहे का, तेही पहिल्या भेटीतच बोलून घ्या.

घरच्यांशी बोलताना

पाटणला गेलेल्या त्या मुलाची आई दीड वर्षानं स्वतःहून माझ्याकडे आली. दिराची दारू वाढली होती. चहा ठेवला, आणि मी पहिल्यांदा तिची माफी मागितली. ती म्हणाली, "काकी, त्या दिवशी तुम्ही आधी माझ्याकडे आला असता ना, तर मी स्वतः त्याला घेऊन चौकीत आले असते." त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: घरी आधी, तेही एकट्यानं, दुपारी, पुरुष कामावर असताना. दोनपेक्षा जास्त बायका गेल्या की ती पंचायत होते. सल्ला द्यायचा नाही, फक्त ओपीडीचा वार सांगायचा आणि "मी येते बरोबर" म्हणायचं.

"गावाला पाठवून देतो" हे सातारा-सांगलीच्या प्रत्येक घरात ऐकाल. गावाला हवा बदलते, सवय बदलत नाही. मुलगा तीन महिन्यांनी परत येतो, शरीराची नशा सोसायची ताकद कमी झालेली असते, आणि तो जुन्या मापानं घेतो. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून सुटून आलेल्यालाही हाच धोका असतो. पहिले काही आठवडे त्याला एकटं सोडू नका.

लहान मुलं असतील तर

सोल्यूशन, व्हाइटनर, पातळ रंगाचं थिनर. हुंगायच्या पदार्थांचा वापर मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त, असा हा एकच प्रकार त्या २०१९ च्या पाहणीत सापडला. सोल्यूशन एनडीपीएसमध्ये येत नाही, त्यामुळे पोलिसांचे हात बांधलेले असतात. तिथे पंक्चरवाल्याशी आणि स्टेशनरीवाल्याशी आपल्यालाच बोलावं लागतं. आमच्या पंक्चरवाल्या भय्यांनी ट्यूबा गल्ल्याखाली कुलपात ठेवायला सुरुवात केली, तेवढ्यानं प्लॉट बराच मोकळा झाला.

प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो. मुलाबद्दल बोलायचं ते त्यांच्याशीच, आणि मुलाला कोठडीत ठेवता येत नाही हे लक्षात असू द्या. मुलाच्या हातात दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मुलांकडून माल पोचवून घेणं हा वेगळा गुन्हा. शाळेच्या शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही, तेव्हा शाळेसमोरची टपरी हटवण्यासाठी अमली पदार्थ सिद्ध करायची गरजच नाही. मूल निराधार असेल, स्टेशनवर राहत असेल, तर १०९८.

खासगी केंद्र निवडताना

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं जाहिरात बघून फोन केला. रात्री अकरा वाजता गाडी आली, चौघांनी मुलाला उचललं, चाळीस दिवस भेट नाही. परत आला तेव्हा पायाला साखळीचा वळ होता. कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधणं मानसिक आरोग्य कायद्यानं बंद केलेलं आहे. पैसे भरण्याआधी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवायला सांगा, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून कधी येतात ते विचारा, आतली खोली आणि संडास बघा, नातेवाईकांना कधी भेटता येतं ते लेखी घ्या. दाखवायला खळखळ केली की उठून या. चांगल्या संस्था आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय, ठाण्यातली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) १९९० पासून मानसिक आरोग्यावर काम करते. तिथे फोन करून नुसतं विचारलं तरी दिशा मिळते.

दोघांना एका खोलीत आणा

वर्षातून दोनदा आम्ही सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक घेतो. एक २६ जूनच्या आसपास, अमली पदार्थ विरोधी दिनाला, दुसरी गणपतीआधी. पोलीस अधिकारी, नागरी आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसर, आशा ताई, शाळेच्या मुख्याध्यापिका, दोन मेडिकलवाले आणि सगळे वॉचमन. वॉचमनना विसरू नका, रात्री दोनला गच्चीवर कोण जातं ते त्यांनाच माहीत असतं.

आधी डॉक्टर बोलतात, मग पोलीस. पहिल्या वर्षी आम्ही उलटं केलं आणि पोलिसांचं भाषण झाल्यावर मागच्या रांगेतल्या चार आया उठून गेल्या. डॉक्टरांनी "हा आजार आहे" असं सांगितल्यावर साहेबांनी "उपचार घेणाऱ्याच्या मागे आम्ही लागणार नाही, आम्हाला विकणारा हवाय" असं सगळ्यांसमोर म्हणावं, एवढंच त्यांच्याकडून हवं असतं. ते आधी भेटून ठरवून घ्या. सावरलेल्या मुलाला स्टेजवर उभं करून बोलायला लावू नका. त्याला पुढे त्याच इमारतीत राहायचं असतं.

बैठकीत कामं तीनच घ्यायची आणि प्रत्येकासमोर नाव आणि तारीख लिहायची. मागच्या वेळची आमची तीन होती: प्लॉटवर दोन दिवे, शाळा सुटायच्या वेळी बीट मार्शलची फेरी, आणि आरोग्य केंद्राच्या फलकावर मानसोपचार ओपीडीचा वार. दिव्यांना सात महिने लागले. फेरी दुसऱ्या दिवशी सुरू झाली. फलक आशा ताईंनी त्याच संध्याकाळी खडूनं लिहिला.

मुलगा उपचार घेऊन आल्यावर पुन्हा घसरतो. बहुतेकदा घसरतोच. तेव्हा घरचे म्हणतात, "सगळं वाया गेलं." वाया गेलेलं नसतं, रक्तदाबाची गोळी चुकली की दाब वाढतो तसंच हे. पुन्हा तीच ओपीडी, तीच फाइल. काम मिळालं की टिकायची शक्यता वाढते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला मार्केटमधल्या एका गाळ्यावर हिशेबाला लावलं, पहिले तीन महिने पगार त्याच्या आईच्या हातात. ते त्यानंच सुचवलं होतं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस आणि नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा फुकट असतात. बायकांसाठी, घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या.

आमच्या मंडळाच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. पोलीस ११२. अ‍ॅम्ब्युलन्स १०८. व्यसनमुक्तीचा सल्ला १४४४६. मनाचा त्रास, टेलिमानस, १४४१६. विकणाऱ्याची खबर १९३३. मूल असेल तर १०९८. त्याखाली ओपीडीचा वार आणि बीट अंमलदाराचं नाव पेन्सिलीनं लिहिलंय, कारण ते बदलतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फोन करून ते तपासायचं काम पाटणला गेलेल्या त्या मुलाच्या आईकडे आहे.